रानात नेण्याचा चाकू: आधी मूठ बघा

चाकू घेताना बहुतेक जण पातं न्याहाळतात. माझं म्हणणं, आधी मूठ हातात धरा आणि पातं मुठीत किती खोलवर गेलंय ते विचारा. चाकू मोडतो तो बहुधा तिथेच. घडीच्या चाकूचा तर सगळा भार एका खिळीवर आणि लॉकवर असतो. सांध्यात माती गेली किंवा लॉक झिजलं, की जोर लावताना पातं बोटांवर मिटतं. म्हणून तो जोडीला खिशात असू द्या, पण मुख्य चाकू न मिटणाराच हवा.

पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत पूर्ण रुंदीनं गेलं असेल, तर त्याला फुल टँग म्हणतात. मुठीच्या दोन पट्ट्यांमधून पोलादाची कड दिसते, त्यावरून तो ओळखता येतो. पण टँग अर्धा म्हणजे चाकू टाकाऊ, असंही नाही. स्वीडनच्या मोरा कंपनीच्या साध्या प्लास्टिक मुठीच्या चाकूंत पोलाद शेवटापर्यंत जात नाही, तरी कोरण्या-तासण्याला ते उत्तम चालतात. टाळायचा तो पोकळ मुठीचा, आत गळ, दोरा नि काड्या भरलेला. अशा बहुतेक चाकूंत पातं मुठीला तोंडाशीच कसंबसं जोडलेलं असतं. गळ आणि दोरा खिशातही मावतात की!

आता लांबी. पातं १० ते १२ सेंटिमीटर आणि जाडी ३ ते ४ मिलिमीटर, एवढं पुरे. रानातलं बरंचसं काम बारीक असतं: खुंट्या टोकदार करायच्या, खाचा पाडायच्या, आग पेटवायला पातळ ढलप्या काढायच्या. ही कामं मुठीलगतच्या धारेनं होतात. नेमक्या त्याच जागी काही चाकूंना करवतीसारखे दाते असतात. ते दोर झटकन कापतात, पण लाकूड तासताना अडकतात, आणि साध्या दगडावर त्यांना धार लावता येत नाही. ६ मिलिमीटर जाडीचं पातं दिसायला दणकट असतं, पण तासताना लाकडात नीट शिरतच नाही.

पावसात आतलं कोरडं लाकूड मिळवायला ओंडका फोडावा लागतो. त्याचा व्यास पात्याच्या लांबीपेक्षा निदान ३ सेंटिमीटरनं कमी हवा. तो उभा ठेवा, माथ्यावर धार टेकवा, टोक पलीकडे बाहेर राहू द्या आणि पात्याच्या पाठीवर लाकडी दांडक्यानं ठोका. पातं आत गेलं की बाहेर उरलेल्या टोकाकडच्या भागावर ठोकत राहा. दगडानं ठोकू नका, आणि गाठ असलेला ओंडका सोडून द्या. अडकलेलं पातं आडवं पिळणं सगळ्यात वाईट. पोलाद वाकतं किंवा सरळ तुटतं.

पाठीची कड ९० अंशांत, काटकोनी आणि तीक्ष्ण आहे का, हे नखावर घासून पाहा. नखाचा किस निघाला तर ती फेरो रॉडवरून, म्हणजे घासल्यावर ठिणग्या उडवणाऱ्या धातूच्या कांडीवरून, ठिणग्या पाडेल, आणि त्यासाठी धार बोथट करावी लागणार नाही. गोल केलेल्या पाठीनं ते जमत नाही.

पोलादाच्या नावांवरून लोक तासन्‌तास वाद घालतात. खरा फरक पडतो तो पोलादाला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-विझवून ते कडक कसं केलंय, त्यानं. रॉकवेल मापावर ५६ ते ६० कडकपणा योग्य. त्याहून मऊ असेल तर धार लवकर जाते, फार कडक असेल तर कपचे उडतात. १०९५ या कार्बन पोलादात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो. त्याला धार पटकन लागते, पण ओलं राहिलं की गंज चढतो. दमट हवेत किंवा खाऱ्या पाण्याजवळ १४सी२८एन किंवा १२सी२७ सारखं स्टेनलेस घ्या. डी२ या पोलादाची धार खूप टिकते, मात्र एकदा गेली की रानात छोट्या दगडावर परत आणताना दमछाक होते. पोलाद कुठलंही असो, चाकूनं निखारे ढवळू नका. पातळ धार लगेच तापते आणि तिचं पाणी उतरतं.

म्यानाकडे मात्र कुणी बघत नाही. चाकू घालून ते उलटं धरा आणि जोरात झटका. चाकू निसटला तर ते म्यान नको. तळाशी पाणी निघायला भोक हवं. कातडी म्यान ओल धरतं, म्हणून कार्बन पोलादाचा चाकू त्यात महिनोन्‌महिने ठेवू नये. शिवाय एक हात जायबंदी असला तरी दुसऱ्या हातानं, न बघता, चाकू काढता-घालता आला पाहिजे. विकत घेण्याआधी दोन्ही हातांनी करून पाहा.