अक्षर वाटेत कुठं अडलं?

(कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर टायपिंगच्या परीक्षेला बसणारी मुलं-मुली दिसतायत, डीटीपी करणारे आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, घरून हिशेबाची कामं करणाऱ्या ताई आहेत. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं रोजचं काम त्या बटणांवर अवलंबून आहे. म्हणून आज एवढंच बोलायचं आहे की लॅपटॉपचा कीबोर्ड चालेनासा झाला, तर खिशात हात घालायच्या आधी काय बघायचं.

शेतात पाणी येईना झालं तर आपल्याकडचा शेतकरी लगेच मोटार बदलत नाही. पाटाच्या कडेकडेनं चालत जातो आणि कुठं फुटलाय, कुठं तुंबलाय ते बघतो. आपणही तसंच चालत जायचं. बोट बटणावर पडतं तिथून अक्षर पडद्यावर उमटतं तिथपर्यंत एक वाट आहे. अक्षर त्या वाटेत कुठं अडलं हे सापडलं, की दुरुस्ती काय करायची ते आपोआप ठरतं.

ती वाट आधी समजून घेऊ. बटणाच्या टोपीखाली एकमेकांत अडकवलेले दोन बारीक प्लॅस्टिकचे तुकडे असतात, त्याला दुरुस्तीवाले क्लिप म्हणतात. मधोमध रबराचा छोटा घुमट. त्याखाली पारदर्शक प्लॅस्टिकचे तीन पापुद्रे. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर चांदी मिसळलेल्या शाईनं रेषा छापलेल्या असतात, मधल्याला प्रत्येक बटणाखाली भोक असतं. बटण दाबलं की वरची रेषा त्या भोकातून खालच्या रेषेला टेकते. एवढंच घडतं, पण वर्षानुवर्षं, लाखो वेळा.

आता महत्त्वाचं. प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. रेषा आडव्या-उभ्या अशा जाळ्यात असतात. समजा 8 आडव्या आणि 16 उभ्या रेषा घेतल्या, तर 24 रेषांत 128 छेद मिळतात आणि सगळी बटणं त्यात मावतात. या रेषा एका चपट्या पट्टीतून मदरबोर्डवर, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डावर जातात. तिथं एक छोटा कंट्रोलर सतत तपासत असतो की कुठली आडवी कुठल्या उभीला टेकली. तो ते विंडोजला किंवा लिनक्सला सांगतो. विंडोज बघतं की सध्या इंग्रजी चालू आहे की मराठी, आणि मग अक्षर तुमच्या फाइलमध्ये येतं.

हे जाळं एवढ्यासाठी सांगितलं, की कधी कधी चार-पाच बटणं एकदम मरतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. एक वरच्या ओळीतलं, एक मधलं, एक खालचं. लोकांना वाटतं व्हायरस शिरला. बहुतेक वेळा एक रेषा गेलेली असते किंवा पट्टी सैल झालेली असते, आणि त्या रेषेवरची सगळी बटणं एकदम गप्प होतात. म्हणून पहिलं काम कागद-पेन घेऊन करायचं. नोटपॅड उघडा, प्रत्येक बटण एकदा दाबा, न चालणारी लिहून काढा. ती यादी दुरुस्तीवाल्याला दाखवा. ‘कीबोर्ड चालत नाही’ एवढ्या सांगण्यापेक्षा त्या यादीवरून त्याला खूप जास्त कळतं.

आता वाटेवर उलट्या बाजूनं, म्हणजे पडद्याकडून चालायला लागू, कारण तिकडच्या तपासणीला पैसे लागत नाहीत.

कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो का? हा दिवा सहसा विंडोजच्या सांगण्यावरून लागतो. म्हणजे दिवा बदलतोय तर कीबोर्डचा निरोप विंडोजपर्यंत पोचतोय, अडचण पुढं आहे. दिवा बदलत नसेल आणि माउसही हलत नसेल, तर कीबोर्ड नव्हे, अख्खं यंत्रच अडकलंय. काही लॅपटॉपना हा दिवाच नसतो, तिथं ही परीक्षा सोडून द्या.

मग रीस्टार्ट. इथं थोडं थांबतो, कारण बरेच जण ‘मी बंद करून चालू केला की’ म्हणतात. विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच परत उचलतं. बिघडलेली स्थितीही तशीच परत येऊ शकते. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. म्हणून शट डाउन नको, रीस्टार्टच करा. त्यानंही फरक पडला नाही तर लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. कंट्रोलरला बॅटरीतून वीज मिळत असते, त्यामुळं तो साध्या रीस्टार्टनं दरवेळी भानावर येत नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये या उपायानं तो येतो.

आता आपल्या मराठी लिहिणाऱ्यांचा खास प्रश्न. बटणांची मांडणी कुणी इनस्क्रिप्ट वापरतं, कुणी रेमिंग्टन, कुणी फोनेटिक. लिहिता लिहिता आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले गेले की भाषा बदलते. मग इनस्क्रिप्ट असेल तर तुम्ही h दाबता आणि ‘प’ येतो, j दाबलं की ‘र’ येतो. कागदावर दिसतं तेव्हा लक्षात तरी येतं. पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके असतात, तिथं कळायचं कसं? पासवर्ड बरोबर असून माणूस दहा वेळा टाकत बसतो, आणि ‘बटणं बिघडली’ म्हणून लॅपटॉप पिशवीत घालून दुकानात येतो. पडद्याच्या कोपऱ्यात भाषेचं चिन्ह असतं, ते बघा. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून भाषा बदला.

अशीच दुसरी गंमत नसलेली गोष्ट फिल्टर कीजची. उजवं शिफ्ट 8 सेकंद दाबून धरलं की विंडोज फिल्टर कीज चालू करू का विचारतं. विचार करत बसताना बोट शिफ्टवर राहतं, खिडकी उघडते, आपण न वाचता एंटर मारतो. मग झटकन दाबलेली बटणं विंडोज मोजतच नाही. बराच वेळ दाबून धरलं तरच अक्षर येतं. ही सोय हात थरथरणाऱ्या माणसांसाठी केलेली आहे आणि त्यांच्यासाठी ती फार मोलाची आहे. पण नकळत चालू झाली तर कीबोर्ड मेला असंच वाटतं. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन ती बंद करा. लहान लॅपटॉपवर नम लॉक चालू राहिलं तर j, k, l च्या जागी आकडे येतात, तेही बघून घ्या.

इथपर्यंत काही मिळालं नाही तर विंडोजच बाजूला सारायचं. लॅपटॉप सुरू होताना एफ 2, एफ 10, डिलीट किंवा एस्केप, जे तुमच्या कंपनीचं असेल ते, दाबून बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर जा. तिथं विंडोज अजून आलेलंच नसतं. बाणांची बटणं तिथं नीट चालली आणि विंडोजमध्ये चालत नाहीत, तर कीबोर्ड ठणठणीत आहे. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजकडच्या जोडलेल्या भागांच्या यादीत जाऊन कीबोर्डची नोंद अनइन्स्टॉल करायची आणि रीस्टार्ट करायचा, विंडोज ती परत बसवून घेतं. बायोसमध्येही शिरता येत नसेल तर बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावा. शेजाऱ्याकडून मागून आणा, नाहीतर चार-पाचशे रुपयांत मिळतो. तो चालला आणि आतला नाही, तर दोष आतल्या कीबोर्डमध्ये, पट्टीत किंवा कंट्रोलरकडं. तोही अडखळला तर दोष विंडोजकडं. एवढ्या एका परीक्षेनं वाटेचे दोन तुकडे पडतात. माझ्या मते प्रत्येक घरात, प्रत्येक टायपिंगच्या क्लासात एक जादा यूएसबी कीबोर्ड असायलाच हवा. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलांचा जीव टांगणीला लागलेला मला बघवत नाही.

तोही हाताशी नसेल आणि पासवर्ड टाकायचा असेल, तर लॉगिनच्या पडद्यावर खाली उजवीकडं ॲक्सेसिबिलिटीचं चिन्ह असतं. त्यात ऑन-स्क्रीन कीबोर्ड आहे, माउसनं दाबत अक्षरं टाकता येतात. निदान आपल्या फाइली पेन ड्राइव्हवर घेता येतील.

आता आतल्या भानगडी. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेत ओल असते. लॅपटॉप कपाटात पडून राहिला की त्या शाईच्या रेषा गंजू लागतात, आणि मग बटणं कधी चालतात, कधी नाही. वापरात ठेवणं हाच त्यावरचा चांगला उपाय. धूळ आणि खाऊचे कण असतील तर लॅपटॉप तिरका धरून हवेच्या फवाऱ्यानं काढा, तोंडानं फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे आत जातात.

बटणं मधेच घट्ट लागतात, टचपॅड वर आलंय, लॅपटॉप टेबलावर डगमगतोय, असं दिसलं तर कीबोर्डचा विचार सोडा. बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. चार्जिंग लगेच बंद करा, दाबू नका, टोचू नका, आणि जाणकाराकडून ती काढून घ्या. ही आग लागण्याची बाब आहे.

आणि चहा. चहा सांडला तर पुसायला फडकं शोधत बसू नका. आधी चार्जर काढा, पॉवरचं बटण दाबून धरून यंत्र बंद करा, मग उघड्या पुस्तकासारखा उलटा ठेवा. ‘चालतोय का बघू’ म्हणून चालू करायचा मोह टाळा. नुसतं पाणी असेल तर सुकल्यावर वाचण्याची आशा असते. आपल्या चहात दूध-साखर असते, ती सुकली तरी थर मागं राहतो, बटणं चिकटतात आणि धातू गंजत जातो. आणखी एक. लॅपटॉप बंद केला तरी आतली बॅटरी जोडलेलीच असते, म्हणजे बोर्डावर वीज असतेच. म्हणून शक्य तितक्या लवकर तो उघडून बॅटरी सोडवून घ्यावी आणि बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ करून घ्यावा. 2019 आणि 2021 च्या पुरात पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा गाळात बुडालेल्या यंत्रांनाही हाच नियम होता: चालू करू नका. तिथं कीबोर्ड वाचवत बसण्यापेक्षा डिस्कवरचा डेटा वाचवणं मोलाचं.

एक गोष्ट मला फार तळमळीनं सांगायची आहे. अलीकडच्या अनेक पातळ लॅपटॉपमध्ये पॉवरचं बटण कीबोर्डच्याच पापुद्र्यावर असतं. कीबोर्ड गेला की लॅपटॉप चालूच होत नाही. दिवा नाही, पंखा नाही. माणूस घाबरतो, आणि एखादा घाईतला दुरुस्तीवाला ‘मदरबोर्ड गेला’ असं सांगून मोकळा होतो. कीबोर्ड स्वस्तात बदलता येतो, मदरबोर्डच्या खर्चात लोक लॅपटॉपच सोडून देतात. एखाद्या मुलीचं वर्ष त्या यंत्रावर असतं. म्हणून असं कुणी सांगितलं तर नम्रपणे म्हणा, ‘दादा, दुसरा कीबोर्ड लावून एकदा चालू करून दाखवा.’ चांगला कारागीर हे आनंदानं करतो. शिवाजी उद्यमनगरात इंजिनं उघडून दोष हातावर दाखवणारी माणसं आपल्या गावात आहेत, तोच बाणा लॅपटॉपच्या टेबलावरही हवा.

(यानंतर श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांना दिलेली उत्तरं.)

तांदळाच्या डब्यात ठेवू का, असं मावशी विचारतायत. नको. तांदूळ आतलं पाणी ओढून घेत नाही, उलट कणी आणि पीठ फटीत जातं. पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. हेअर ड्रायरची गरम हवाही नको, क्लिपा आणि पापुद्रे वाकतात.

एकच बटण गेलंय, तेवढ्यासाठी अख्खा कीबोर्ड बदलायचा का? टोपी निसटली असेल तर क्लिप शाबूत आहे का बघा. त्याच मॉडेलची क्लिप मिळाली तर काम होतं, दुसऱ्याची बसत नाही. रेषा गेली असेल तर मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज हे फुकट साधन घ्या. त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरनं क्वचित लागणाऱ्या बटणाला मेलेल्या बटणाचं काम देता येतं. नवा कीबोर्ड येईपर्यंत त्यावर निभावतं.

घरी उघडून पट्टी परत बसवू का? हात सवयीचा असेल तरच. बॅटरी सोडवल्याशिवाय पट्टीला हात लावायचा नाही. ती एका छोट्या पट्ट्याखाली अडकवलेली असते. तो पट्टा काही ठिकाणी वर उचलायचा असतो, काही ठिकाणी पुढं सरकवायचा. जोर केला की तुटतो, आणि मग काम बोर्डावर डाख देण्यापर्यंत, म्हणजे सोल्डरिंगपर्यंत जातं.

शेवटचा प्रश्न नवा कीबोर्ड ऑनलाइन मागवण्याचा आहे. लॅपटॉपच्या नावावर जाऊ नका, एकाच नावाखाली वेगवेगळे कीबोर्ड असतात. जुना काढल्यावर त्याच्या मागच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर फोटोत घ्या. पट्टी कुठून निघते, स्क्रूची भोकं कुठं आहेत, एंटरचं बटण आडवं आहे की उभं, मागून उजेड आहे का, म्हणजे दुसरी छोटी पट्टी आहे का, हे ताडून बघा. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरच्या कव्हरला प्लॅस्टिकच्या रिव्हेटांनी ठोकलेला असतो. तिथं कव्हरसकट घ्यायचा की रिव्हेट काढून नुसता कीबोर्ड बसवायचा, हे आधी विचारून घ्या, दरात मोठा फरक पडतो. आणि बसवल्यावर, कव्हर बंद करायच्या आधी, तुम्ही स्वतः समोर बसून प्रत्येक बटण दाबून बघा. दोन्ही शिफ्ट, दोन्ही आल्ट, आणि आकड्यांची ओळसुद्धा.