भरीत, सव्वीस-अकरा आणि मेजर इक्बाल

(दृश्य: यावल तालुक्यातला मळा, संध्याकाळ, कपाशीच्या काड्यांचा जाळ)

नोव्हेंबर संपत आला की आपल्याकडे मळ्यामळ्यात भरिताच्या पार्ट्या लागतात. बामणोदची वांगी काड्यांच्या जाळात टाकायची, सालं काळी पडून फुटायला लागली की ओढून काढायची, हात पोळत पोळत सोलायची आणि मग लाकडी बडजीत घालून मिरची-लसणासोबत ठेचायची. तोवर बाकीच्यांना काम काय, तर गप्पा. आणि तारीख २६ असली की गप्पा २००८ च्या मुंबई हल्ल्याकडे, सव्वीस-अकराकडे जाणार हे सांगायलाच नको.

सुरुवात आबांनी केली. भुसावळला रेल्वेत जन्म गेला त्यांचा. "पाकिस्तान सरकारनंच केलं ते, त्यात बोलायचं काय?" त्यावर वकीलसाहेब वांगं सोलता सोलता म्हणाले, "आबा, सरकार म्हणजे नेमकं कोण?" झालं, भरीत राहिलं बाजूला.

आता हा प्रश्न जळगावकरांच्या जरा जास्तच जवळचा आहे, कारण कसाबचा खटला चालवणारे उज्ज्वल निकम जळगावचेच. त्यामुळे इथे प्रत्येकाला वाटतं की केस आपल्या घरातलीच आहे. पण बिर्याणीची गोष्टही आठवा. कसाबनं जेलमध्ये मटण बिर्याणी मागितली हे देशभर लोक वर्षानुवर्षं सांगत होते आणि २०१५ मध्ये खुद्द निकमांनीच सांगितलं की तसं काही झालंच नव्हतं, लोकांची भावना कसाबच्या बाजूनं वळायला लागली होती म्हणून ते आपणच रचून सांगितलं. म्हणजे याच केसमधली एक गोष्ट सगळ्यांनी खरी मानली आणि ती निघाली हवेतली, तर बाकीचं पण जरा चाचपूनच बघायला पाहिजे ना.

(दृश्य: सीएसटी, नरिमन हाऊस, जुने टीव्ही फुटेज)

चला, पक्कं काय ते आधी घेऊ. दहा हल्लेखोर, १६६ बळी. कसाब पाकिस्तानातल्या पंजाबचा, ओकारा जिल्ह्यातल्या फरीदकोटचा. हल्ला लष्कर-ए-तैयबाचा. हल्ला चालू असताना फोनवरून सूचना देणाऱ्यांचे आवाज आपल्या लोकांनी रेकॉर्ड केले आणि ते कोर्टात पुरावा म्हणून गेले. कटाचा काही भाग आमच्या जमिनीवर शिजला हे पाकिस्तानचे तेव्हाचे गृहखात्याचे प्रमुख रहमान मलिक यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये कॅमेऱ्यासमोर मान्य केलं. इथपर्यंत मळ्यात कोणाचंच दुमत नाही, आणि नसावंच.

पुढची पायरी आयएसआयची, म्हणजे पाकिस्तानच्या गुप्तहेर खात्याची, आणि इथे येतो डेव्हिड हेडली, हल्ल्याआधी मुंबईची टेहळणी करणारा पाकिस्तानी वंशाचा अमेरिकन. मूळ नाव दाऊद गिलानी, २००६ मध्ये नाव बदललं म्हणजे अमेरिकन गोरा वाटावा, मग ताडदेवला इमिग्रेशनचं ऑफिस टाकून ताजपासून सगळीकडचे व्हिडिओ काढत फिरला. पैसे कोणी दिले? त्याच्या म्हणण्यानुसार मेजर इक्बाल नावाच्या आयएसआयच्या माणसानं, साधारण २५,००० डॉलर. २०११ मध्ये शिकागोच्या कोर्टात या मेजर इक्बालचं नाव आरोपी म्हणून लागलं, दोघांमधले ईमेल पण तिथे समोर आले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या कोर्टात व्हिडिओवरून हेडलीची साक्ष झाली, प्रश्न विचारायला निकमच. तेव्हा त्यानं आणखी नावं घेतली, मेजर अली, आणि लष्कर-ए-तैयबाचा म्होरक्या लख्वी याला हाताळणारा ब्रिगेडियर रियाझ.

"बस की मग!" आबा म्हणाले.

वकीलसाहेब ऐकतात होय. म्हणाले, आबा, साक्षीदार कोण आहे ते बघा. ड्रग्जच्या केसमध्ये पकडला गेल्यावर अमेरिकेच्याच खात्याचा खबऱ्या झालेला माणूस, दोन्हीकडून खाणारा, आणि फाशी नको, भारतात पाठवणं नको या अटीवर गुन्हा कबूल करून बोललेला. असा माणूस खोटंच बोलतो असं नाही, पण त्याच्या एकट्याच्या शब्दावर इमारत उभी करू नये, जिथे ईमेल, पैसे, प्रवासाच्या नोंदी जुळतात तेवढंच धरायचं. आणि ते जुळतं कुठपर्यंत? मेजर इक्बालपर्यंत.

मला वकीलसाहेबांचं पटतं. पण त्यांनी पुढे जे काढलं ते जास्त भारी होतं.

(दृश्य: २००८ ची वर्तमानपत्रं, इस्लामाबाद)

जुलै २००८. पाकिस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान युसूफ रझा गिलानी यांच्या सरकारनं आदेश काढला की आयएसआय आता गृहखात्याच्या हाताखाली. काही तासांत आदेश मागे! २६ नोव्हेंबरला त्यांचे परराष्ट्रमंत्री कुरेशी कुठे होते, तर दिल्लीत, प्रणव मुखर्जींशी बोलणी करायला. हल्ल्यानंतर दोन दिवसांनी त्याच गिलानींच्या ऑफिसनं जाहीर केलं की आयएसआयचा प्रमुख भारतात येईल, आणि लगेच फिरवलं, प्रमुख नाही, प्रतिनिधी येईल, आणि शेवटी कोणीच आलं नाही. आता बोला, ज्या पंतप्रधानाला स्वतःच्या गुप्तहेर खात्याचा माणूस विमानात बसवता येत नाही त्यानं हल्ल्याचा हुकूम दिला म्हणायचं? आबा थोडे थांबले, मग म्हणाले, "भो, मग तर अजूनच वाईट शे." खरंय. मनमोहन सिंगांनी जानेवारी २००९ मध्ये जे म्हटलं तेही मोजूनमापूनच होतं, की एवढी लष्करी शिस्त बघता पाकिस्तानातल्या काही सरकारी यंत्रणांची साथ असणारच. यंत्रणांची, असं.

एवढ्यात चोपड्याच्या कॉलेजातले सर मध्ये पडले. "संबंध आहे, संबंध आहे म्हणत इराकमध्ये काय झालं ते विसरलात का?"

आणि सरांचा मुद्दा टाळण्यासारखा नाही. अकरा सप्टेंबर २००१ चे हल्लेखोर १९, त्यातले १५ सौदी, इराकी एकही नाही. तरी दीड-दोन वर्षांत अमेरिकेत वातावरण असं तापवलं की ऑगस्ट २००३ च्या एका पोलमध्ये ६९ टक्के लोकांना वाटत होतं यात सद्दामचा हात असावा. आधार काय, तर एक, हल्लेखोरांचा म्होरक्या मोहम्मद अट्टा एप्रिल २००१ मध्ये प्रागला इराकी अधिकाऱ्याला भेटला. उपाध्यक्ष चेनींनी टीव्हीवर ते जवळजवळ पक्कं म्हणून सांगितलं, नंतर चौकशी आयोगाला तो तेव्हा प्रागला असल्याचा पुरावाच मिळाला नाही, उलट त्याचा मोबाईल त्या दिवसांत फ्लोरिडात वापरला जात होता. दुसरा आधार इब्न अल-शेख अल-लिबी नावाचा कैदी. त्याला इजिप्तच्या ताब्यात दिलं, तिथे त्यानं सांगितलं की इराक अल-कायदाला रासायनिक शस्त्रांचं ट्रेनिंग देतो. फेब्रुवारी २००२ मध्येच अमेरिकेच्या लष्करी गुप्तचरांनी लिहून ठेवलं होतं की हा बनवतोय. तरी एका वर्षानं, ५ फेब्रुवारी २००३ ला, कॉलिन पॉवेल यांनी नाव न घेता त्याचीच गोष्ट संयुक्त राष्ट्रांत सांगितली. मार्चमध्ये युद्ध. २००४ मध्ये अल-लिबीनं जबाब फिरवला, मार खाऊन बोललो म्हणाला.

आता कोणी म्हणेल सद्दाम काय संत होता का, तर नाही. अबू निदालसारखा पॅलेस्टिनी दहशतवादी बगदादमध्ये राहत होता, पॅलेस्टिनी आत्मघाती हल्लेखोरांच्या घरच्यांना सद्दाम प्रत्येकी २५,००० डॉलर देत होता (आकडा तोच, योगायोग बघा). अल-कायदाच्या लोकांशी त्याच्या माणसांच्या नव्वदच्या दशकात भेटी पण झाल्या. पण भेट होणं वेगळं आणि मिळून हल्ला करणं वेगळं. युद्धानंतर बगदादची दप्तरंच अमेरिकेच्या हाती आली, सहा लाखांच्या आसपास कागदपत्रं, ती तपासून २००८ मध्ये अहवाल आला, त्यात अल-कायदाशी थेट कामाचा संबंध सापडला नाही.

सरांना वाटलं आपण जिंकलो. पण मला इथे सरांशी भांडायचंय. इराकमध्ये दप्तर उघडलं आणि आत काही निघालं नाही. रावळपिंडीचं, म्हणजे पाकिस्तानी लष्कराच्या मुख्यालयाचं दप्तर कोणी उघडलंय? इकडे माणूस, पैसे, ईमेल असं सगळं त्या दारापर्यंत आलंय आणि दार आतून बंद आहे. दोन्ही केस एकाच मापानं मोजल्या तर हिशोब चुकतो. दार बंद आहे म्हणून आत सगळं सरकार बसलंय असं आबांसारखं धरून चालायचं नाही, आणि इराकमध्ये फसले म्हणून इथेही फसवणूकच, असं सरांसारखंही नाही.

पाकिस्तानातूनच दार किलकिलं करणारे निघाले, हे मात्र सांगायला पाहिजे. त्यांच्या तपास यंत्रणेचे माजी प्रमुख तारिक खोसा यांनी २०१५ मध्ये त्यांच्याच पेपरात लिहिलं की कसाब आपलाच, ट्रेनिंग सिंधमध्ये ठट्ट्याजवळ, कराचीतली कंट्रोल रूम सापडली होती. २०१८ मध्ये नवाझ शरीफ यांनी जाहीर विचारलं की खटला अजून संपत का नाही. त्यावरून त्यांना तिकडे देशद्रोही ठरवायला निघाले लोक. लख्वी तर २०१५ मध्येच जामिनावर बाहेर आला होता.

(दृश्य: दिल्ली विमानतळ, एप्रिल २०२५)

हेडलीचा शाळेपासूनचा दोस्त तहव्वूर राणा याला १० एप्रिल २०२५ ला अमेरिकेतून आणलं आणि एनआयएच्या, म्हणजे आपल्या राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या ताब्यात दिलं. त्याच्याच कंपनीच्या नावावर ताडदेवचं ऑफिस होतं. शिकागोच्या ज्युरीनं त्याला २०११ मध्ये मुंबईच्या आरोपातून सोडलं होतं, लष्कर-ए-तैयबाला मदत आणि डेन्मार्कमधल्या एका वर्तमानपत्रावर हल्ल्याच्या कटात मात्र दोषी धरलं. आबा म्हणाले, "तो बोलेल बघा सगळं." वकीलसाहेबांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, पोलिसांपुढे काय बोलतो त्याला कोर्टात किंमत नाही आबा, कोर्टात त्याच्याविरुद्ध कागद काय उभे राहतात आणि त्यात मेजर इक्बालचं खरं नाव निघतं का, ते बघायचं.