आमेन कुणी आधी म्हणायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

आज 18 जानेवारी. संक्रांत होऊन चार दिवस झाले, तिळगूळ अजून डब्यात आहे आणि आमच्या नगरच्या ख्रिस्ती घरांत नाताळचा तारा उतरवायचा की राहू द्यायचा, यावर रोज एकदा बोलणं होतंय. आजपासून 25 तारखेपर्यंत जगभरातल्या निरनिराळ्या पंथांची चर्च एकत्र जमून प्रार्थना करतात. 1908 साली अमेरिकेत पॉल वॉटसन नावाच्या पाद्र्यानं ही प्रथा सुरू केली. 1968पासून तर या सप्ताहाची प्रार्थना कॅथलिक आणि बाकीची चर्च मिळून तयार करतात. याला आम्ही ऐक्य सप्ताह म्हणतो.

आता ऐक्य म्हटलं की भाषणात फार छान वाटतं. प्रत्यक्षात काय होतं, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी आम्ही पहिल्यांदा कॅथलिक चर्चच्या हॉलमध्ये असे जमलो. मी प्रॉटेस्टंट, मिशन कंपाउंडात वाढलेली. आमच्याकडे पाळकसाहेब, त्यांच्याकडे फादर. आमची उपासना, त्यांची मिस्सा. मुक्तिफौजेची, म्हणजे सॅल्व्हेशन आर्मी या पंथाची, माणसं गणवेशात आली होती, ढोल घेऊन. सगळं नीट चाललं होतं. शेवटी सगळ्यांना पाठ असलेली, प्रभूनं शिकवलेली प्रार्थना सुरू झाली. ‘आम्हांला वाइटापासून सोडव’ इथपर्यंत सगळा हॉल एका सुरात. तिथं कॅथलिक मंडळी ‘आमेन’ म्हणून थांबली, आणि आम्ही सवयीनं पुढं निघालो, ‘कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझी आहेत.’ अर्धा हॉल गप्प, अर्धा बोलतोय. आमचं आमेन आलं तेव्हा त्यांच्या आमेनला बराच वेळ होऊन गेला होता. मागच्या बाकावरची पोरं हसली.

आमची ही पुढची ओळ बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या जुन्यातल्या जुन्या हस्तलिखितांत सापडत नाही. पहिल्या शतकांतल्या मंडळ्यांनी ती स्तुती म्हणून प्रार्थनेच्या शेवटी जोडली असं अभ्यासक मानतात. कॅथलिक लोकांनाही ती ठाऊक आहे, मिस्सेत ती येते, पण मध्ये फादर एक वेगळी प्रार्थना म्हणतात आणि मग. म्हणजे शब्द तेच, फक्त जागा वेगळी. यावर कमिटी बसली असती तर अजून बसलेली असती. दुसऱ्या वर्षी एका म्हाताऱ्या कॅथलिक मावशींनी तोडगा काढला. म्हणाल्या, “आम्ही ‘सोडव’ला थांबतो, तुमचं होऊ द्या, मग आमेन बरोबर म्हणू.” तेव्हापासून तसंच चाललंय.

आपण वेगळे झालो कसे, हेही बघण्यासारखं आहे. अमेरिकन मराठी मिशन 1831 साली नगरला आलं. त्याची मूळ संस्था बोस्टनची. कोल्हापूर-मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन गेले, नागपूर-जालन्याकडे स्कॉटिश, आमच्याच जिल्ह्यात नंतर अँग्लिकन आले, कॅथलिक आले, मुक्तिफौज आली. ज्या गावात जे मिशन पोचलं, ते गाव त्या पंथाचं झालं. आमच्या पणजोबांनी काही युरोपातले वाद वाचून पंथ निवडला नव्हता. गावात शाळा कुणी काढली, दुष्काळात धान्य कुणी दिलं, एवढंच त्यांनी पाहिलं. आणि मग तीन पिढ्या आम्ही ते परक्या मुलखातले वाद आपलेच समजून जपत बसलो.

हे ज्यांना खुपलं, त्यातले एक म्हणजे रेव्हरंड टिळक, कवी नारायण वामन टिळक. त्यांनी 1917 साली ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, सगळे येशूभक्त एका दरबारात, मिशनच्या छत्राबाहेर. दोनच वर्षांत ते गेले आणि दरबार वाढला नाही. पण त्यांनी अभंगाच्या चालीवर लिहिलेली भजनं राहिली. आमच्या एकत्र प्रार्थनेत गाणं कुठलं घ्यायचं, असा पेच पडला की कुणीतरी पेटीवर त्यांचं भजन धरतं आणि पेच संपतो. इंग्रजी चालीचं गीत असलं की ज्याच्या चर्चचं तोच गातो. टाळ वाजला की सगळे गातात.

पुढं 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला मोठी गोष्ट घडली. सहा वेगवेगळी चर्च एक होऊन उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, तयार झालं. बोलणी 1929पासून चालू होती, म्हणजे 41 वर्षं! बिशप असावेत की नसावेत, बाप्तिस्मा बाळाला द्यायचा की जाणत्याला, असे प्रश्न होते. बाप्तिस्म्याचं उत्तर मला फार आवडतं. दोन्ही मान्य, असं ठरलं. तरीही सगळे आले नाहीत. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अगदी शेवटी बाहेर राहिले. आणि आलेल्यांतही आजवर लग्न जमवताना विचारतातच, “मूळचे कुठल्या मिशनचे?”

खरं सांगायचं तर आमच्यातल्या सगळ्याच भिंती काही परदेशातून आलेल्या नव्हत्या. काही आपल्या गावच्याच होत्या. 2013च्या ऐक्य सप्ताहाचं जगभरातलं साहित्य भारतातल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या चळवळीनं तयार केलं होतं. त्यांनी बायबलमधल्या मीखा संदेष्ट्याचं वचन घेतलं, देव तुझ्याकडून काय मागतो? न्याय, दया आणि नम्रपणे चालणं. आणि जातीचा प्रश्न, दलित ख्रिस्ती माणसाचा प्रश्न, सरळ समोर ठेवला. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट शेजारी बसले, पण आलेल्या स्थळाची आधीची जात चोरून विचारली जात असेल, तर त्या बसण्याला काय अर्थ? त्या वर्षी आमच्याकडे प्रार्थना लवकर आटोपली. बोलायचं बरंच होतं, बोललं कुणी नाही.

बोलण्यापेक्षा कामात आमची गाडी लवकर पुढं जाते, हे मात्र मी पाहिलंय. 2021चा एप्रिल आठवा. दवाखान्यांत खाट मिळेना, बाहेर नातेवाईक फुटपाथवर रात्र काढायचे, हॉटेलं बंद. तीन चर्चच्या तरुण संघांनी मिळून डबे करायचं ठरवलं. हॉल कॅथलिकांचा, मोठी पातेली आमच्या स्त्रीसमाजाची, आणि दारोदार फिरायचं धाडस मुक्तिफौजेच्या पोरांचं. घरटी दहा चपात्या. संध्याकाळी पाचला गल्लीतून एक मुलगा पिशवी घेऊन फिरायचा, आणि माझ्या शेजारणीच्या चपात्या नेहमी जाड असायच्या, त्या तो मुद्दाम खाली ठेवायचा.

पहिल्याच दिवशी वाद झाला. चर्चच्या एका वडीलधाऱ्यांचं म्हणणं, डब्याबरोबर बायबलच्या वचनाची चिठ्ठी ठेवू. दुसऱ्यांचं म्हणणं, निदान चर्चचं नाव तरी. मुक्तिफौजेच्या कॅप्टनबाई आमटी ढवळत होत्या. पळी न थांबवता म्हणाल्या, “भुकेल्या माणसाला आधी वाचायला लावायचं का?” चिठ्ठी राहून गेली, नावही राहून गेलं. मला ते बरोबर वाटलं आणि आजही वाटतं. मदतीला अट चिकटली की ती मदत राहत नाही, आणि आपल्याकडे त्याबद्दल संशय किती पटकन येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. एका बाईंनी डबा घेताना विचारलं, “कुठल्या चर्चकडून रे?” पोरगा म्हणाला, “तीन आहेत मावशी, सांगत बसलो तर आमटी गार होईल.”

प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचं, मेज मात्र अजून एक नाही. तिथं कॅथलिक आणि आम्ही वेगळेच बसतो, आणि तो प्रश्न नगरला सुटणारा नाही.

25 तारखेला संध्याकाळी यंदा आमच्या चर्चमध्ये जमायचंय. सतरंज्या मागवल्यात, पेटीचा एक सूर अडकतोय, तो दुरुस्त व्हायचाय. त्यानंतर मार्चचा पहिला शुक्रवार, स्त्रियांचा जागतिक प्रार्थना दिन. त्याची प्रार्थना दरवर्षी एका देशातल्या स्त्रिया लिहून पाठवतात, आणि ती आम्ही सगळ्या पंथांच्या बायका एकत्र म्हणतो. गेल्या वर्षी कुक बेटांची पाळी होती. शाळेच्या नकाशात ती शोधण्यात आमचा अर्धा तास गेला, शेवटी पॅसिफिकमध्ये पेनानं ठिपका काढला. यंदा नायजेरिया आहे. तो सापडेल.

नमस्कार.