कातळावरचा मंगळ

समोर पडद्यावर दिसणारी ही तांबडी जमीन मंगळावरची नाही. ती रत्नागिरी जिल्ह्यातील एका सड्याची, म्हणजे कातळाच्या सपाट माळाची आहे. जांभ्याला, म्हणजे येथल्या दगडाला, तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो आणि मंगळावरील धुळीचा रंगही त्याचाच, त्यामुळे अंतराळकथा चित्रित करणाऱ्या या हौशी तरुणांना जमीन रंगवावी लागली नाही. करवंदाच्या जाळ्या फ्रेमबाहेर ठेवण्याचे आणि पहिल्या पावसाने सडा हिरवा होण्यापूर्वी काम उरकण्याचे कष्ट मात्र होते.

मूळ संहितेत वादळाने यान उलटण्याचा प्रसंग होता. मंगळावरील हवेचा दाब पृथ्वीवरच्या एक टक्क्याहूनही कमी असल्याने तेथील सोसाट्याचा वाराही यान उलटवू शकत नाही, हे कळल्यावर त्यांनी तो आवडता प्रसंग वगळला. मग पोशाखाचे कापड फडफडलेलेही चालेना. म्हणून रात्रीचा जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा थांबल्यावर आणि समुद्राकडून येणारा खारा वारा सुटण्यापूर्वी सकाळी जी थोडी निवांत वेळ मिळते, तिच्यातच चालण्याची सारी दृश्ये टिपली गेली.

आता ही पावले पाहावीत. मंगळावरील गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के आहे. सेकंदाला ४० फ्रेम टिपून त्या २५ च्या गतीने दाखवल्या, की पायाने उडालेला खडा जवळजवळ मंगळावर पडेल तितक्याच सावकाश खाली येतो. एवढ्या साध्या गणिताने साधलेला हा परिणाम मला कोणत्याही महागड्या करामतीपेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

शाळेच्या प्रयोगशाळेत उभारलेल्या या नियंत्रण कक्षावरून सर्वाधिक वाद झाला. पृथ्वीवरून मंगळावर संदेश पोहोचण्यास अंतरानुसार सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात. संहितेत मात्र दोन्हीकडची माणसे दूरध्वनीवर बोलावीत तशी बोलत होती. प्रतीक्षा दाखवली तर प्रेक्षक कंटाळतील, असे काहींचे म्हणणे होते. त्यावर २४ सप्टेंबर २०१४ ची सकाळ सर्वांना आठवली. सुमारे ३०० दिवस निजलेले मंगळयानाचे मुख्य इंजिन आधीच पाठवून ठेवलेल्या आज्ञांनुसार पेटले, यान मंगळाआड गेले, आणि ते कक्षेत स्थिरावल्याची वार्ता येण्यास संदेशाच्या प्रवासाचीच सुमारे १२ मिनिटे लागली. त्या वेळी जमिनीवरील शास्त्रज्ञांच्या हाती वाट पाहण्यापलीकडे काही नव्हते, आणि संबंध देश पडद्याला खिळून होता.

येथे पडद्यावर १२ मिनिटांची ४० सेकंदे झाली आहेत. ही तडजोड योग्यच आहे, कारण काळ आखडला तरी प्रश्नाआधी उत्तर आलेले नाही. मोहीमप्रमुखाची भूमिका करणाऱ्या या बाईंचे यजमान मासेमारीला जातात. बातमी येईपर्यंतचा वेळ कसा काढायचा, हे दिग्दर्शकाने त्यांना शिकवले नाही.

गावातील पहिल्या खेळानंतर वादळ असते तर बरे झाले असते, असे काहीजण म्हणाले, आणि स्पर्धेतही चित्रपटाची निवड झाली नाही.

हे शेवटचे दृश्य. समुद्र सड्याच्या कडेआड झाकला आहे आणि मावळत्या सूर्याभोवती निळसर उजेड आहे, कारण मंगळावरची बारीक धूळ सूर्याभोवती निळाच प्रकाश अधिक पसरवते. चित्रीकरणाच्या दिवशी येथे मावळतीला केशरी रंग होता.