ईडे बेटावरची भरती

पाण्याचा हा आवाज ऐका. उधाणाला इथे समुद्र सेकंदाला जवळजवळ ४ मीटर वेगानं धावतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत, त्यातलं जेमतेम दीडशे वस्तीचं हे ईडे. आणि समोरची ही सामुद्रधुनी, फॉल ऑफ वॉर्नेस.

प्रवाहात नांगरलेलं ७४ मीटर लांबीचं पिवळं धूड म्हणजे ऑर्बिटल ओ२, भरती-ओहोटीच्या प्रवाहावर वीज करणारं तरंगतं यंत्र. क्षमता २ मेगावॉट. पाण्याखाली दोन बाजूंना दोन चक्रं, प्रत्येकी २० मीटर व्यासाची.

वाऱ्याचा भरवसा नसतो. भरतीची वेळ मात्र चंद्रावरून आधीच मांडता येते, पंचांगासारखी. तरीही दर सहा तासांनी पाणी थबकतं. आणि अष्टमीच्या सुमाराला, आपले कोकणातले कोळी ज्याला भांग म्हणतात, तेव्हा तर जोरच नसतो.

खरी अडचण मात्र केबलची. वर्षभराच्या गरजेपेक्षा जास्त वीज ऑर्कनीनं २०१३ मध्येच वारा आणि समुद्रातून काढली, पण मुख्य भूमीकडे जाणाऱ्या केबलमध्ये ती नेहमी मावत नाही. ईडेवर गावकऱ्यांच्या मालकीची ९०० किलोवॉटची पवनचक्की आहे. छान वारा सुटलेला असताना तीही थांबवावी लागे. आपल्या हातानं उभारलेली चक्की भर वाऱ्यात उभी बघणं किती जिवावर येत असेल!

म्हणून किनाऱ्यावर इलेक्ट्रोलायझर आला. विजेनं पाणी फोडायचं आणि हायड्रोजन साठवायचा. २०१७ मध्ये इथल्या युरोपियन मरीन एनर्जी सेंटरनं, म्हणजे समुद्रातून वीज काढणाऱ्या यंत्रांची चाचणी घेणाऱ्या संस्थेनं, भरतीच्या विजेवर जगात पहिल्यांदा हायड्रोजन बनवला. तो ट्रेलरवरच्या नळकांड्यांत भरून फेरीबोटीनं कर्कवॉलला, ऑर्कनीच्या मुख्य शहरात, जायचा. तिथे धक्क्यावर ७५ किलोवॉटचा फ्युएल सेल त्याची पुन्हा वीज करून बंदरात उभ्या बोटींना द्यायचा.

या येरझाऱ्यात बरीच ऊर्जा वाया जाते. केबलमध्ये जागा असेल तर वीज थेट वापरावी, हेच शहाणपणाचं. पण इथे प्रश्न आहे तो एरवी तयारच झाली नसती अशा विजेचा.

इलेक्ट्रोलायझरला सारखं चालू-बंद सोसत नाही. त्यासाठी मध्ये बॅटरी हवी. २०२५ मध्ये इथे भरतीची वीज, बॅटरी आणि हायड्रोजन ही तिन्ही एकत्र चालवून दाखवली. बॅटरी व्हॅनेडियम या धातूच्या द्रावणाची. जोराच्या प्रवाहात ती भरून घ्यायची, पाणी मंदावलं की तिच्यातली वीज इलेक्ट्रोलायझरला द्यायची.

आत्ता पाणी थांबलंय. चक्रं स्तब्ध आहेत. किनाऱ्यावर पंपांची घरघर तेवढी ऐकू येते, बॅटरीच्या टाक्यांमधलं द्रावण फिरतंय. थोड्याच वेळात ओहोटी लागेल, पाती जागच्या जागी वळतील, आणि चक्रं पुन्हा फिरू लागतील.