पिन, साखळी आणि अर्थिंगची वायर

(गळीत हंगामाआधी ऊस वाहतूकदार आणि ट्रॅक्टरचालकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मंडळी, मघाशी चहा घेताना एकानं विचारलं, 50 एचपीचा ट्रॅक्टर किती टन ओढतो? दरवर्षी हाच प्रश्न येतो. ओढेल हो, 20 टनसुद्धा ओढेल. सपाटीला एकदा चाकं फिरली की जोर लागतोच किती? पण ट्रॅक्टर स्वतः दोन-सव्वादोन टनांचा, आणि मागच्या दोन्ही ट्रॉल्यांना बहुतेकांच्या ब्रेकच नाहीत. उताराला ते सगळं ओझं अडवायचं ते ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी.

म्हणून आधी पायाखाली बघा. डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक पेडल वेगळे असतात, शेतात जागच्या जागी वळायला. त्यांना जोडणारी पट्टी नांगरटीला काढलेली असते, ती हंगामातही तशीच लोंबत राहते. भरलेल्या ट्रॉल्या मागं असताना एकच पेडल दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर एका अंगाला वळतो आणि ट्रॉल्या सरळ येतात. पुढचं मी सांगत बसत नाही. आणि डिझेल वाचवायला उताराला न्यूट्रल करणारे इथंही बसलेत, मला तोंडं माहीत आहेत. ज्या गिअरात चढ चढला, त्याच गिअरात उतरा.

आता हूक. माझ्या गॅरेजात एक ट्रॉली आली होती, तिला पिन म्हणून बांधकामाची सळई आणि खाली निसटू नये म्हणून गुंडाळलेली चिंधी! सळई काढली तर मधोमध झिजून बारीक झालेली. मालक म्हणतो, "गेल्या वर्षी चालली की." चालली खरी. पिन भोकात घट्ट बसेल एवढी जाड हवी, खालून क्लिप हवी. शिवाय दोन साखळ्या, ट्रॉलीचा जो दांडा हुकाला जोडतो त्याच्याखालून फुली मारून: डावीकडची उजव्या कडीत, उजवीकडची डाव्या. पिन निसटलीच तर दांडा त्या झोळीत पडतो, डांबरात रुतत नाही. ढील वळणाला साखळी ताणणार नाही एवढीच ठेवा, लोळू देऊ नका.

दोनचाकी ट्रॉलीत मोळ्या रचताना मागं जास्त भरल्या तर दांडा वर उचलतो आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी पडतात. फार पुढं भरल्या तर चढाला ट्रॅक्टरचं नाक उचलतं, स्टिअरिंग नुसतं हातात फिरतं. वजन आसाच्या किंचित पुढं हवं. दांडा कधीही टॉप लिंकला, म्हणजे ट्रॅक्टरमागं अवजार जोडायच्या वरच्या दांडीला, जोडू नका, ट्रॅक्टर मागं उलटतो.

दिव्यांचं सांगतो, कारण तक्रार नेहमीचीच: "इंडिकेटर दिला की टेललाइटपण लुकलुकतो." बल्ब बदलून उपयोग नाही. अर्थिंग, म्हणजे करंट परत जायची वाट, हूकमधून घेतलेलं असतं, आणि पिनेला आपणच ग्रीस चोपडतो, मग करंट नीट जाणार कसा! ट्रॉलीपासून ट्रॅक्टरपर्यंत अर्थिंगची वेगळी वायर ओढा.

रिफ्लेक्टर मागं लाल, पुढं पांढरे, बाजूला पिवळे. पण बाहेर लोंबणाऱ्या उसानं ते झाकले जातात. म्हणून दिवे आणि रिफ्लेक्टर एका पट्टीवर बसवा आणि भरून झाल्यावर ती पट्टी उसाच्या बाहेर बांधा, मागच्या ट्रॉलीला आधी. पंक्चर झाल्यावर भोवतीनं लावलेले दगड जाताना उचलता का, तेही एकदा आठवा.

बाहेर भरलेली ट्रॉली उभी केलीय. अंधार पडलाय. चला, पन्नास पावलं मागं जाऊन मोटारसायकलचा दिवा टाकू आणि काय दिसतं ते बघू.