एक पोर्ट, दोन भूमिका: यूएसबी रोल स्विचचा ड्रायव्हर

नमस्कार मंडळी! हा डबा बघा.

(डबा कॅमेऱ्यासमोर)

हा मालवणच्या एका ट्रॉलरवर बसणार आहे. आत लिनक्स चालवणारा छोटा बोर्ड, बाहेर एकच यूएसबी पोर्ट, मायक्रो एबी, म्हणजे ए आणि बी दोन्ही प्लग घेणारं. समुद्रात असताना या पोर्टला जीपीएस रिसीव्हर लागतो, म्हणजे आपला बोर्ड होस्ट. बंदरात आल्यावर नोंदी उतरवायला त्याच पोर्टला लॅपटॉप लागतो, तेव्हा बोर्ड डिव्हाइस. सरळ दोन पोर्ट का दिले नाहीत? मी तेच सुचवलं होतं. होडीचे प्रमुख, म्हणजे तांडेल, म्हणाले, "चार भोकां पाडलंस तर चार वाटेन खारा पाणी भितर येतला." विषय संपला. सध्या मासेमारी बंदी आहे, 1 जून ते 31 जुलै, होड्या वर काढलेल्या आहेत, म्हणून डबा माझ्या टेबलावर आहे.

आता मूळ अडचण. यूएसबीत दोन्ही टोकं समान नसतात. होस्ट विचारतो, डिव्हाइस उत्तर देतं. डिव्हाइस आपणहून तोंड उघडत नाही. दोन होस्ट समोरासमोर आले तर एका होडीवर दोन तांडेल. यावर 2001 साली ऑन-द-गो आलं आणि त्यासोबत आयडी नावाची पाचवी पिन. ए प्लगमध्ये ती ग्राउंडला जोडलेली असते, बी प्लगमध्ये मोकळी. पिन ग्राउंड दिसली की आपण होस्ट. टाइप-सीमध्ये आयडी पिनच नाही, तिथे सीसी लाइनवरच्या रेझिस्टरवरून ठरतं. तो वेगळा व्हिडिओ होईल, आज मायक्रो एबीच.

लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, 2018 साली, 4.17 आवृत्तीत, यूएसबी रोल स्विच नावाचा छोटासा क्लास आला. त्याआधी जो तो कंट्रोलर आपापल्या पद्धतीने हे करायचा. या क्लासमध्ये भूमिका तीनच: नन, होस्ट, डिव्हाइस. एका बाजूला कंट्रोलरचा ड्रायव्हर असतो. तो स्विचची कर्नलकडे नोंद करतो, म्हणजे रजिस्टर करतो, आणि सेट (भूमिका बदल), गेट (आताची भूमिका सांग) ही फंक्शनं देतो. दुसऱ्या बाजूला कनेक्टरचा ड्रायव्हर. तो पिना वाचतो आणि सांगतो, आता होस्ट हो.

"मला रोल स्विचचा ड्रायव्हर लिहायचाय" असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, कुठली बाजू? कारण कनेक्टरची बाजू बहुतेक वेळा लिहायची गरजच नसते. ड्रायव्हर्स, यूएसबी, कॉमन या फोल्डरात यूएसबी-कॉन-जीपीआयओ नावाची फाइल आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय काय आहे याच्या यादीत, कंट्रोलरच्या नोडला यूएसबी-रोल-स्विच ही प्रॉपर्टी, डीआर-मोड ओटीजी, आणि आत जीपीआयओ-यूएसबी-बी-कनेक्टर असा नोड. त्यात आयडीची पिन आणि व्हीबसचा, म्हणजे पाच व्होल्टच्या तारेचा, रेग्युलेटर द्या. झालं. कंट्रोलरची बाजू लिहायची असेल तर डीडब्ल्यूसी3 या यूएसबी कंट्रोलरच्या ड्रायव्हरमधली डीआरडी फाइल वाचा. तिथे एक गोष्ट लक्षात येईल: सेट फंक्शन परत आलं म्हणजे भूमिका बदलली असं नाही. ते काम वर्कक्यूवर, म्हणजे नंतर करायच्या कामांच्या रांगेत, टाकून मोकळं होतं. लगेच गेट केलंत तर जुनीच भूमिका दिसू शकते.

पण मंडळी, भूमिका बदलणं हा या कामाचा सोपा भाग. खरा घाम काढतो तो व्हीबस, म्हणजे पाच व्होल्ट कोण देणार.

आपण होस्ट असताना पाच व्होल्ट आपण देतो. लॅपटॉप लागला की तो देतो. आपला पुरवठा चालू असतानाच लॅपटॉपचाही आला तर दोन पुरवठे एकमेकांवर. म्हणून क्रम बघा.

(स्क्रीनवर: यूएसबी-कॉन-जीपीआयओमधलं डिटेक्ट फंक्शन)

आधीची भूमिका होस्ट असेल तर रेग्युलेटर आधी बंद. मग कंट्रोलरला नवी भूमिका. नवी भूमिका होस्ट असेल तर शेवटी रेग्युलेटर चालू. आणि हे सगळं इंटरप्टमध्ये, म्हणजे पिन बदलल्याबरोबर धावणाऱ्या कोडमध्ये, का नाही? कारण रेग्युलेटर चालू-बंद करताना कोड झोपू शकतो, म्हणजे वाट बघत थांबू शकतो. इंटरप्ट आला की फक्त काम लांबणीवर टाकायचं, पिन त्या कामात पुन्हा वाचायची.

ती लांबणी किती? या ड्रायव्हरमध्ये 20 मिलिसेकंद. टेबलावर पुरते. होडीवर? खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट थर चढतो, खालून इंजिनाची थरथर. आयडी पिनेचा ग्राउंड क्षणभर सुटतो. ड्रायव्हरला वाटतं केबल काढली. तो व्हीबस बंद करतो, जीपीएसची वीज जाते, आणि रिसीव्हर पुन्हा पहिल्यापासून उपग्रह शोधायला बसतो. इकडे जाळं टाकून झालेलं असतं आणि जागेची नोंदच नाही.

मग वाट जास्त बघायची? बघा, पण एकाच दिशेने. होस्ट होताना 20 मिलिसेकंद ठीक. होस्टपण सोडताना मी 400 ठेवले आहेत. काही सेकंद नाही ठेवायचे, कारण तेवढ्यात कोणी लॅपटॉप लावला तर आपला पुरवठा चालूच असेल. जीपीएसची केबल काढून लॅपटॉपची लावायला माणसाला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, त्या फटीत आपलं काम उरकतं. तरीही भरवसा फक्त कोडवर नको. व्हीबसची पॉवर स्विच चिप उलटा करंट अडवणारी आहे ना, हे सर्किटमध्ये तपासा.

आणखी एक बारकावा. मूळ ड्रायव्हर क्यू-डिलेड-वर्क वापरतो. काम आधीच रांगेत असेल तर नवा इंटरप्ट वेळ वाढवत नाही, पहिल्या धक्क्यापासूनच घड्याळ चालतं. मॉड-डिलेड-वर्क वापरलंत तर प्रत्येक धक्क्याला घड्याळ नव्याने सुरू होतं. पिन सतत फडफडत राहिली तर निर्णयच होणार नाही, हे खरं. आपल्याला तेच हवंय. फडफडतेय म्हणजे केबल लागलेली आहे, होस्टच राहू दे.

व्हीबसची पिनही वाचत असाल तर तिथेही फसगत आहे. आपला पुरवठा बंद केल्यावर कपॅसिटरमध्ये थोडी वीज उरते. आयडी मोकळी आणि व्हीबस अजून वर, हे दिसलं की ड्रायव्हर म्हणणार लॅपटॉप लागला, डिव्हाइस हो. रेग्युलेटर डिस्चार्ज करू शकत असेल तर ते चालू करा.

प्रोबमध्ये, म्हणजे ड्रायव्हर सुरू होताना, कंट्रोलरचा स्विच अजून रजिस्टर झाला नसेल तर ईप्रोब-डिफर, म्हणजे 'नंतर ये' असा एरर, येईल. घाबरायचं नाही, तो एरर तसाच परत द्या, कर्नल पुन्हा प्रयत्न करेल.

चाचणीसाठी सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नलच्या गोष्टी फाइलींसारख्या दाखवणाऱ्या फोल्डरात, यूएसबी-रोल या क्लासखाली रोल नावाची फाइल असते, त्यात होस्ट किंवा डिव्हाइस लिहायचं. फाइल दिसत नसेल तर कंट्रोलरच्या ड्रायव्हरने यूजरस्पेसला परवानगी दिलेली नाही. पण या वाटेने बदल थेट कंट्रोलरकडे जातो, कनेक्टरच्या ड्रायव्हरला पत्ता नसतो. म्हणजे भूमिका होस्ट, आणि पोर्टवर पाच व्होल्टच नाहीत. त्यावरून ड्रायव्हर बिघडलाय असं ठरवू नका.

शेवटची चाचणी बरेच जण करत नाहीत. जीपीएस लावून बोर्ड होस्ट असताना कनेक्टरच्या ड्रायव्हरचं मॉड्यूल कर्नलमधून काढा आणि पोर्टवर मल्टिमीटर लावा. तेव्हा चालणाऱ्या रिमूव्ह फंक्शनमध्ये आधी लांबणीवरचं काम रद्द व्हायला हवं, मग व्हीबस बंद, मग स्विचचा संदर्भ सोडायचा. मीटरवर अजून पाच व्होल्ट दिसत असतील तर यातलं मधलं राहिलंय.